सिमेंटविरहित खुबारोपण आणि टिकाऊपणाचा दावा : एक चिकित्सक परामर्श

गोषवारा

गेल्या चार दशकांत खुब्याच्या संपूर्ण सांधेरोपणात अस्थिसिमेंटाविना बसविल्या जाणाऱ्या रोपणांचा वापर जगभर वाढत गेला. ही रोपणे हाडाशी सजीव बंध निर्माण करतात व त्यामुळे दीर्घकाळ टिकतात, असा त्यामागील मुख्य दावा आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा रोपणांचा इतिहास, पदार्थविज्ञान आणि निरनिराळ्या देशांच्या सांधेरोपण नोंदवह्यांचे निष्कर्ष यांच्या आधारे केली आहे. हाड व धातू यांच्या बंधाविषयीचा दावा मोठ्या प्रमाणात सिद्ध झाला असला, तरी संपूर्ण सांध्याच्या आयुष्याविषयीचा दावा त्यातून आपोआप सिद्ध होत नाही, तसेच वृद्ध रुग्णांच्या बाबतीत उपलब्ध पुरावा या वापराच्या विरोधात जातो, असे प्रतिपादन येथे केले आहे. भारतीय संदर्भात विश्वसनीय नोंदींचा अभाव हा रोपणाच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : खुबारोपण, अस्थिसिमेंट, अस्थिबंध, अस्थिक्षय, पुनर्शस्त्रक्रिया, सांधेरोपण नोंदवही.

१. प्रस्तावना

खुब्याचा सांधा हा मानवी शरीरातील उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग कटिप्रदेशातील खोलगट वाटीत फिरतो आणि उभे राहणे, चालणे, बसणे, उठणे या सर्व क्रियांचा भार पेलतो. साध्या चालण्यातही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो आणि सर्वसाधारण हालचाल करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत अशी भारचक्रे वर्षाला दहा लाखांच्या आसपास जातात. संधिवात, अस्थिभंग किंवा रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणारा अस्थिमृत्यू यांमुळे हा सांधा निकामी झाला की तो बदलण्यावाचून अनेकदा पर्याय उरत नाही. धातूचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत, धातूची किंवा प्लॅस्टिकची वाटी कटीच्या हाडात आणि त्या दोहोंमध्ये फिरणारा गोळा, अशी कृत्रिम सांध्याची स्थूल रचना असते.

हा दांडा व ही वाटी हाडात पक्की कशी बसवावी, हा या शस्त्रक्रियेतील मूलभूत प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे दिली गेली. पहिल्या उत्तरात रोपण आणि हाड यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिक अस्थिसिमेंटाचा थर भरला जातो. दुसऱ्यात रोपणाचा पृष्ठभाग खडबडीत किंवा सच्छिद्र ठेवून, ते हाडात घट्ट ठोकून, पुढे हाडच त्याच्याशी जुळेल अशी व्यवस्था केली जाते. या दुसऱ्या मार्गाला सिमेंटविरहित रोपण म्हटले जाते. रुग्णाला समजावून सांगताना या मार्गाचे वर्णन ‘नवे’, ‘नैसर्गिक’ आणि ‘अधिक टिकाऊ’ अशा विशेषणांनी केले जाते. ही विशेषणे कितपत रास्त आहेत, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी ‘टिकणे’ या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हे आधी स्पष्ट करावे लागते. हाडाशी असलेला बंध टिकणे, घर्षणाचे पृष्ठभाग टिकणे आणि रोपणाभोवतीचे हाड टिकणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. यांपैकी एकीचा पुरावा दुसरीसाठी वापरला गेल्यामुळे या विषयातील चर्चेत बराच गोंधळ झालेला दिसतो.

२. सिमेंटाचा त्याग : ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक खुबारोपणाचे श्रेय इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयातील सर जॉन चार्नली यांना दिले जाते. दंतवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सिमेंटाचा उपयोग त्यांनी सांधा बसविण्यासाठी केला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन हा पदार्थ निवडला होता. तो काही वर्षांतच झिजला आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊतींमध्ये तीव्र प्रतिक्रिया निर्माण केली. त्यानंतर १९६२ मध्ये त्यांनी उच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन वापरण्यास प्रारंभ केला आणि तेथून या शस्त्रक्रियेला स्थैर्य आले. टेफ्लॉनच्या अपयशातून मिळालेला धडा असा होता की सांध्याचा घात झिजेच्या कणांमुळे होतो. पुढील पिढीच्या संशोधनात हा धडा काही काळ बाजूला पडला.

१९७० च्या दशकात सिमेंटयुक्त सांध्यांची संख्या वाढली आणि काही रुग्णांत दांड्याभोवतीचे हाड पोखरले जात असल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसू लागले. तपासलेल्या ऊतींमध्ये सिमेंटाचे कण आढळले. त्यावरून दोष सिमेंटाचा आहे, असे अनुमान निघाले आणि १९८७ मध्ये ‘सिमेंटरोग’ अशी संज्ञाच वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाली. सिमेंट काढून टाकले की रोगही जाईल, ही त्यातून निघणारी अपेक्षा स्वाभाविक होती. मात्र पुढे सिमेंटाचा अंशही नसलेल्या सांध्यांभोवती तसाच अस्थिक्षय दिसू लागला. पॉलिइथिलीनच्या झिजेतून निघणारे सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळतात, त्या पेशींतून बाहेर पडणारी रसायने हाड विरघळविणाऱ्या पेशींना चेतवितात आणि हाड आतून पोकळ होत जाते, हे कारण हळूहळू निश्चित झाले. म्हणजे सिमेंटविरहित रोपणाच्या चळवळीला गती देणारे निदानच अपुरे होते.

याचा अर्थ सिमेंटविरहित रोपणाची कल्पना चुकीची होती, असा मात्र होत नाही. ती कल्पना ‘सिमेंटरोग’ या संज्ञेपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी १९५० च्या दशकात प्रचारात आणलेल्या रोपणाच्या दांड्याला खिडक्या होत्या. त्यांतून हाड वाढून दांडा धरून ठेवील, अशी त्यांची धारणा होती. हे रोपण भारतातील सार्वजनिक रुग्णालयांत वृद्धांच्या खुब्याच्या अस्थिभंगावर दीर्घकाळ वापरात राहिले. म्हणून सिमेंटाविना बसविलेला दांडा ही भारतीय शल्यचिकित्सेला सर्वस्वी नवी गोष्ट नाही. दांडा हाडात सैल राहिला तर मांडीत वेदना होतात आणि तो हळूहळू खाली सरकतो, हा अनुभवही त्याबरोबरच आला. नवेपण आले ते पृष्ठभागाच्या रचनेत.

३. हाड आणि धातू यांचा बंध

स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांनी टायटॅनियम आणि सजीव हाड यांच्यात मऊ ऊतीचा थर न येता थेट बंध निर्माण होऊ शकतो, हे दाखवून दिले. या तत्त्वावर आधारलेले दंतरोपण त्यांनी १९६५ मध्ये केले. खुब्याच्या बाबतीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चार्ल्स एंग यांनी सच्छिद्र आवरणाचा दांडा, तर व्हिएन्ना येथे कार्ल झ्वायम्युलर यांनी खडबडीत पृष्ठाचा चौकोनी छेदाचा टायटॅनियम दांडा वापरात आणला. १९८५ मध्ये लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे आवरण असलेला दांडा प्रथम बसविला. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हा हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेला कॅल्शियम फॉस्फेटचा प्रकार आहे. पुढील वर्षी फ्रान्समध्ये विकसित झालेल्या कोराइल दांड्यावरही हेच आवरण होते.

या सर्व रचनांमागील शर्ती सारख्याच आहेत. पृष्ठभागावरील छिद्रे सुमारे ५० ते ४०० मायक्रॉन व्यासाची असावी लागतात. हाड आणि रोपण यांच्यात फट अल्प असावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत रोपण जवळजवळ निश्चल राहावे लागते. सुमारे ४० मायक्रॉनपर्यंतची सूक्ष्म हालचाल हाड सहन करते. ती १५० मायक्रॉनच्या आसपास गेली की छिद्रांमध्ये हाडाऐवजी तंतुमय ऊती वाढते आणि बंध जुळत नाही. याचाच अर्थ असा की सिमेंटविरहित रोपणाचे दीर्घ आयुष्य शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळालेल्या यांत्रिक घट्टपणावर अवलंबून असते. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होते. हाडाला त्यासाठी आठवडे लागतात आणि ते हाड सशक्त असावे लागते.

या कसोटीवर दांड्यांची कामगिरी निःसंशय चांगली ठरली आहे. उत्तम रचनेचे दांडे वीस वर्षांनंतरही क्वचितच सैल होतात, हे अनेक रुग्णालयांच्या दीर्घकालीन पाहण्यांत आढळून आले आहे. स्वीडिश नोंदवहीतील १९९२ ते २००७ या काळातील १,७०,४१३ शस्त्रक्रियांचे विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गाविना सैल होण्यामुळे दांडा बदलावा लागण्याची जोखीम सिमेंटविरहित दांड्यांत सिमेंटयुक्त दांड्यांच्या सुमारे ०.४ पट, म्हणजे निम्म्याहून कमी असल्याचे त्यात दिसते. बंधाच्या दाव्याला याहून स्पष्ट आधार क्वचितच मिळेल.

४. बंध टिकला, अस्तर झिजले

तथापि याच विश्लेषणात संपूर्ण सांध्याचे चित्र उलटे दिसते. दहा वर्षांनंतर पुनर्शस्त्रक्रिया न झालेल्या सांध्यांचे प्रमाण सिमेंटयुक्त गटात ९४ टक्के, तर सिमेंटविरहित गटात ८५ टक्के होते. दांडे अधिक घट्ट असूनही सांधे मात्र अधिक प्रमाणात बदलावे लागले. या विसंगतीचे स्पष्टीकरण प्रामुख्याने वाटीत सापडते.

सिमेंटयुक्त वाटी ही बहुधा पॉलिइथिलीनचा एकसंध तुकडा असते. सिमेंटविरहित वाटीत बाहेर धातूचे कवच आणि आत पॉलिइथिलीनचे अस्तर असे दोन भाग असतात. कवचाने जागा व्यापल्यामुळे अस्तर पातळ होते. आरंभीच्या रचनांत अस्तर कवचात पुरेसे घट्ट बसत नसे, त्यामुळे त्याची मागची बाजूही झिजे. कवचाला स्क्रूसाठी ठेवलेली छिद्रे झिजेच्या कणांना थेट हाडापर्यंत पोहोचण्याचा मार्ग ठरली. त्यात भर म्हणजे त्या काळात पॉलिइथिलीनचे निर्जंतुकीकरण हवेच्या सान्निध्यात गॅमा किरणांनी केले जाई. त्यामुळे साठवणीच्या काळातच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते ठिसूळ बने. गुळगुळीत धातूवर केवळ हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप दिलेल्या काही वाट्या तर लेप शोषला गेल्यावर हाडापासून सुटल्या.

अशा रुग्णांत एक विलक्षण परिस्थिती उद्भवते. कवच हाडाशी पक्के जुळलेले असते, रुग्णाला वेदना नसतात आणि तरीही कवचामागे हाड पोखरत जाते. सिमेंटयुक्त वाटी सैल झाली की दुखू लागते व रुग्ण डॉक्टरांकडे येतो. येथे मात्र बंधाची गुणवत्ताच हानी झाकून ठेवते. म्हणून सिमेंटविरहित सांधा बसविलेल्या रुग्णाने वेदना नसतानाही ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी करून घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

या दोषावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस उपाय सापडला. किरणोत्साराच्या अधिक मात्रेने रेणूंमध्ये आडबंध निर्माण केलेले पॉलिइथिलीन त्या सुमारास वापरात आले. झिजेचा वेग वर्षाला ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास अस्थिक्षय क्वचित होतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. जुन्या पॉलिइथिलीनचा वेग अनेकदा या मर्यादेच्या वर असे. नव्याचा वेग तिच्या निम्म्याहूनही खाली राहतो. अलीकडच्या सिमेंटविरहित सांध्यांचे सुधारलेले निष्कर्ष पाहताना या बदलाचे श्रेय वेगळे काढणे आवश्यक आहे. सुधारणा बंधाच्या पद्धतीने झाली की अस्तराच्या पदार्थाने, हा प्रश्न विचारला नाही तर एका शोधाचे यश दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

५. भोवतालच्या हाडाचे भवितव्य

तिसरा प्रश्न रोपणाभोवतीच्या हाडाचा आहे. हाड ही भारानुसार घडणारी सजीव ऊती आहे. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल किंवा त्याहून अधिक, टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११० आणि टणक हाडाचा १५ ते २० गिगापास्कल असतो. ताठ दांडा भार स्वतःकडे घेऊन तो थेट खाली पोहोचवितो आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग भाराविना राहून विरळ होतो. संपूर्ण लांबीभर सच्छिद्र आवरण असलेल्या जाड दांड्यांत हा परिणाम विशेष दिसला. यामुळे दांडा सैल होतोच असे नाही. परंतु पुढे कधी तो काढावा लागला, तर घट्ट बसलेला दांडा आणि विरळ झालेले हाड यांमुळे ती शस्त्रक्रिया अवघड होते. टायटॅनियमचे निमुळते दांडे व केवळ वरच्या भागावर आवरण देणे, हे या समस्येचे अंशतः उत्तर आहे.

याहून गंभीर प्रश्न अस्थिभंगाचा आहे. दांडा घट्ट बसण्यासाठी तो ठोकावा लागतो आणि हाड ठिसूळ असेल तर ते तडकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१६ मध्ये आपल्या चाळीस वर्षांतील ३२,६४४ प्राथमिक खुबारोपणांचा आढावा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेदरम्यान मांडीचे हाड तडकण्याचे प्रमाण सिमेंटविरहित दांड्यांत १४ पट अधिक होते. शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षांत असा अस्थिभंग होण्याची शक्यता सिमेंटविरहित गटात ७.७ टक्के, तर सिमेंटयुक्त गटात २.१ टक्के आढळली. पूर्वोक्त स्वीडिश विश्लेषणातही पहिल्या दोन वर्षांत अस्थिभंगामुळे दांडा बदलावा लागण्याची जोखीम सुमारे ८ पट होती.

येथे सिमेंटाची बाजू निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. सिमेंट भरताना रक्तदाब अचानक घसरण्याचा, क्वचित मृत्यूचा धोका असतो आणि हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांत तो विचारात घ्यावा लागतो. सिमेंट टाळण्याचे समर्थन अनेकदा याच कारणाने केले जाते. तथापि खुब्याच्या अस्थिभंगासाठी अर्धरोपण झालेल्या, साठ वर्षे व त्यावरील १,२२५ रुग्णांची ब्रिटनमधील यादृच्छिक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चार महिन्यांनंतरचे जीवनमान सिमेंटयुक्त गटात अधिक चांगले होते. रोपणालगतच्या अस्थिभंगाचे प्रमाण त्या गटात ०.५ टक्के, तर आधुनिक सिमेंटविरहित गटात २.१ टक्के होते आणि सिमेंटामुळे मृत्यू वाढल्याचे दिसले नाही.

६. आकडेवारीचे वाचन

वरील विवेचनावरून सिमेंटयुक्त रोपण सरसकट श्रेष्ठ ठरते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. स्वीडिश विश्लेषणातच आणखी एक महत्त्वाची नोंद आहे. दोन्ही प्रकारांतील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पाच-पाच वाट्या व पाच-पाच दांडे यांची तुलना केली असता पुनर्शस्त्रक्रियेच्या जोखमीत लक्षणीय फरक उरला नाही. सिमेंटविरहित गटाची सरासरी सदोष रचनांनी खाली ओढली होती. ‘सिमेंटविरहित’ हे नाव एका वस्तूचे नसून परस्परांहून भिन्न अशा अनेक रचनांचे आहे. त्यातील एका दांड्याच्या यशाने दुसऱ्याची हमी देणे किंवा एका वाटीच्या अपयशाने सर्वांना दोषी ठरविणे, दोन्ही अशास्त्रीय होत.

वयाचा मुद्दाही असाच निर्णायक आहे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या चार देशांच्या एकत्रित नोंदींतील ३,४७,८९९ खुबारोपणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ वर्षे व त्यावरील रुग्णांत सिमेंटयुक्त रोपणे अधिक टिकतात आणि या वयोगटात सिमेंटविरहित रोपणांच्या वाढत्या वापराला या माहितीतून आधार मिळत नाही, असा स्पष्ट निष्कर्ष त्यात आहे. नोंदवह्यांचा पुरावा एका दिशेने आणि प्रत्यक्ष व्यवहार दुसऱ्या दिशेने जात असल्याच्या या परिस्थितीला २०१३ मधील एका आढाव्यात ‘सिमेंटविरहित विरोधाभास’ असे नाव दिले गेले. अमेरिकेत दांडा सिमेंटाविना बसविण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक झाले. स्वीडनमध्ये मात्र सिमेंटाची परंपरा दीर्घकाळ टिकून राहिली. एकाच विज्ञानाचे अनुसरण करणाऱ्या दोन देशांतील ही तफावत पाहता शल्यचिकित्सकाचे प्रशिक्षण, शस्त्रक्रियेला लागणारा वेळ आणि बाजारपेठेची रचना यांचाही निवडीवर प्रभाव पडतो, हे मान्य करावे लागते.

कालावधीच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. सर्व प्रकारच्या खुबारोपणांच्या आयुष्याचा एक व्यापक आढावा २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदवह्यांच्या आधारे १५ वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनंतर ७० टक्के आणि २५ वर्षांनंतर ५८ टक्के सांधे शाबूत असल्याचे त्यात दिसते. वैयक्तिक रुग्णालयांच्या प्रकाशित मालिकांत मात्र २५ वर्षांचा आकडा सुमारे ७८ टक्के येतो. निष्णात केंद्रांतील, पुष्कळदा रचनाकाराच्या स्वतःच्या विभागातील निष्कर्ष आणि सर्वसाधारण रुग्णालयांचे एकत्रित निष्कर्ष यांत इतके अंतर पडू शकते. शिवाय २५ वर्षांचा कोणताही आकडा २५ वर्षांपूर्वीच्या पदार्थांविषयी बोलतो. आज बसविल्या जाणाऱ्या सांध्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आज बसविलेल्या सांध्याचे खरे आयुष्य आणखी पंचवीस वर्षांनीच कळणार, ही या ज्ञानक्षेत्राची अपरिहार्य मर्यादा आहे.

पुनर्शस्त्रक्रिया हा मापदंडही अपुरा आहे. ज्या रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया झेपणारी नाही किंवा परवडणारी नाही, त्याचा दुखरा सांधा नोंदीत ‘यशस्वी’ म्हणूनच राहतो. वृद्ध रुग्णाचा मृत्यू झाल्यास त्याचे रोपण पुढील हिशेबातून बाहेर पडते. या मर्यादा असूनही मापदंड अधिक कठोर करणे शक्य असते, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसते. तेथील राष्ट्रीय संस्था ‘नाइस’ने २००० मध्ये दहा वर्षांत १० टक्क्यांपर्यंत पुनर्शस्त्रक्रिया ग्राह्य धरली होती. २०१४ मध्ये ही मर्यादा ५ टक्क्यांवर आणली गेली.

७. भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य नोंदवह्यांतील सर्वसामान्य रुग्ण साठी ओलांडलेला व वयोमानाच्या संधिवाताने त्रस्त असतो. भारतातील चित्र याहून वेगळे आहे. येथे अस्थिमृत्यू, म्हणजे बोलीत ‘एव्हीएन’ म्हणून परिचित असलेला विकार, आणि मणक्याचा जखडणारा संधिवात यांमुळे तरुण वयातच खुबा बदलावा लागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. स्टेरॉइडचा वापर व मद्यपान ही अस्थिमृत्यूची परिचित कारणे होत. विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांत आढळणारा सिकलसेल हा आजारही त्यास कारणीभूत ठरतो. कोविडनंतर अस्थिमृत्यू झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. अशा तरुण रुग्णांत हाड सशक्त असते व पुढील आयुष्य दीर्घ असते. त्यांच्यासाठी सिमेंटविरहित रोपणाची निवड तर्कसंगत आहे. परंतु तिशीतील रुग्णाला चाळीस वर्षे चालावयाचे असते आणि तेवढ्या काळाचा पुरावा कोणत्याही आधुनिक रोपणाजवळ नाही. या रुग्णाला ‘आयुष्यभर टिकेल’ असे सांगणे हे वैज्ञानिक विधान ठरत नाही. पुनर्शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरून हाड जपणारी रचना निवडणे व नियमित तपासणीची आठवण देणे हे अधिक प्रामाणिक ठरते. याउलट सत्तरी ओलांडलेल्या, हाडे विरळ झालेल्या स्त्रीला केवळ ‘नवे तंत्र’ म्हणून हेच रोपण दिले जात असेल, तर तिच्यावर अस्थिभंगाची वाढीव जोखीम लादली जाते.

नोंदींच्या अभावाची किंमत भारताने एकदा मोजली आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू फिरणारा सांधा २००६ ते २०१० या काळात भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला. त्याची वाटी सिमेंटाविना बसविली जाई. घर्षणातून निघणाऱ्या कोबाल्ट व क्रोमियमच्या कणांनी भोवतालच्या ऊतींची हानी होत असल्याचे उघड झाले. ऑस्ट्रेलियात तेथील नोंदवहीने धोक्याचा इशारा दिल्यानंतर डिसेंबर २००९ मध्ये तो बाजारातून काढला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविला गेला. इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांतील पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे १२ ते १३ टक्के होते. भारतात केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती २०१७ मध्ये नेमली आणि तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. तोपर्यंत मोठ्या संख्येने रुग्णांचा मागही लागला नव्हता. कोणाच्या शरीरात कोणते रोपण आहे, याची यादीच नसेल तर सदोष रोपण परत मागविणे ही केवळ घोषणा ठरते.

यानंतर काही पावले पडली. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला होता. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. भारतीय खुबा व गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००६ पासून चालविलेली सांधेरोपण नोंदणी ही स्तुत्य असली तरी ऐच्छिक आहे. जो शल्यचिकित्सक नोंद करतो तो बहुधा अधिक जागरूक असतो. त्यामुळे ऐच्छिक नोंदीतून देशाचे खरे चित्र उमटत नाही. उत्तर युरोपातील देशांनी काढलेले निष्कर्ष तेथील हाडे, तेथील बसण्याउठण्याच्या सवयी आणि तेथील रुग्णालये यांचे आहेत. मांडी घालून बसणारा, उकिडवा बसून शेतातील काम करणारा, तुलनेने लहान मापाच्या हाडांचा भारतीय रुग्ण त्या आकड्यांत नाही.

८. निष्कर्ष

१) सिमेंटविरहित दांड्याचा हाडाशी असलेला बंध दीर्घकाळ टिकतो, हा दावा पुराव्याने सिद्ध झाला आहे.

२) संपूर्ण सांध्याचे आयुष्य बंधाइतकेच घर्षणपृष्ठांवर अवलंबून असते. आरंभीच्या सिमेंटविरहित सांध्यांचे अपयश मुख्यतः अस्तराचे होते आणि नंतरच्या यशातही सुधारित पॉलिइथिलीनचा वाटा मोठा आहे.

३) ६५ वर्षे व त्यावरील रुग्णांत, विशेषतः हाडे विरळ झालेल्या स्त्रियांत, किमान दांड्यासाठी सिमेंटाचा वापर अधिक सुरक्षित ठरतो. तरुण रुग्णांत सिमेंटविरहित रोपणाची निवड समर्थनीय आहे, मात्र आजीवन टिकाऊपणाची हमी समर्थनीय नाही.

४) ‘सिमेंटविरहित’ या वर्गनामापेक्षा विशिष्ट रचनेचा दीर्घकालीन इतिहास हा निवडीचा निकष असावा.

५) भारतात प्रत्येक सांधेरोपणाची सक्तीची राष्ट्रीय नोंद होणे व रोपणाचे नाव, क्रमांक आणि शस्त्रक्रियेचा दिनांक असलेले पत्रक रुग्णाच्या हाती देणे आवश्यक आहे.

समारोप

सिमेंटविरहित खुबारोपणाचा इतिहास हा एका अपुऱ्या निदानापासून सुरू होऊन एका खऱ्या यशापर्यंत पोहोचलेला इतिहास आहे. त्या यशाची व्याप्ती नेमकी किती, हे सांगण्याची जबाबदारी विज्ञानाइतकीच ते रुग्णापर्यंत पोहोचविणाऱ्या भाषेचीही आहे. शस्त्रक्रियेस संमती देणारा रुग्ण ‘किती वर्षे टिकेल?’ असा एकच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर त्याचे वय, त्याचे हाड, निवडलेली रचना आणि बसविणारा हात यांनुसार बदलते, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. भारतीय रुग्णासाठी ते उत्तर भारतीय नोंदींतून देता येईल, अशी व्यवस्था अद्याप उभी राहावयाची आहे.